झाकली मूठ, नऊ किलोंची

"ऐकलंत का? काल रात्री पुन्हा चार गाड्या आल्या."

वहिनींचा आवाज अडुळशाच्या कुंपणापलीकडून आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. पाऊस जरा उघडला होता. हातातली चादर तशीच खांद्यावर टाकून मी विहिरीपाशी गेले. तिथं आमच्या कुंपणाला एक भगदाड आहे. गाईगुरांनी पाडलेलं नाही ते. गेली तीस वर्षं इकडच्या वाट्या तिकडे आणि तिकडच्या इकडे जाऊन अडुळसाच तिथं वाढायला कंटाळलाय.

"पनवेलचे?"

"एक पनवेलची, एक कल्याणची. बाकीच्यांचे नंबर चिखलात. म्हणतात कसे, 'काकी, तो जिताडा धरला तो धक्का कुठला?' मी म्हटलं, मला काय ठाऊक बाबा, मी घरात असते."

"बरं केलंत."

"कसलं बरं! आमच्या ह्यांनी ओट्यावरून हात करून दाखवला ना. वर म्हणतात, 'सांभाळून जा, शेवाळ आहे.'"

आता हे सगळं रामायण वटपौर्णिमेपासूनचं. त्या दिवशी आम्ही दोघी वडाला सूत गुंडाळून, उपाशीपोटी घरी येतोय, तर वहिनींच्या दारात हा घोळका. मधोमध भाऊजी, आणि त्यांच्या हातात नऊ किलोंचा जिताडा. पौर्णिमेचं उधाण साधून ते पहाटे गरी घेऊन गेले होते, ते हे घेऊन आले. वहिनींनी कपाळावर हात मारला. सात जन्म हाच नवरा मिळो म्हणून उपास करायचा आणि त्यानं त्याच दिवशी घरात मासा आणायचा! कापायचा नाही, शिजवायचा नाही, नुसता बघायचा. मग रिकामा हात काय करणार? फोन काढणार. वहिनींचा भाचा सुटीला आला होता, तो पहाटे बरोबरही गेला होता. त्यानं गरीला मासा लागल्यापासून पिशवीत जाईपर्यंतचं सगळं चित्रीकरण केलेलं. संध्याकाळपर्यंत ते रोह्यापासून ठाण्यापर्यंत पोचलं.

"त्यात मासा एवढा कसा दिसतो हो? मला तर दारात तेवढा वाटला नव्हता," मी विचारलं.

"हात पुढं करून धरायचा म्हणे. माणूस मागं, मासा पुढं. नऊचा पंधरा दिसतो. ते काही नाही, पण मागं काय दिसलं ते बघा की! कोर्लईचं दीपगृह आणि आपल्या जुन्या धक्क्याचा तो मोडका खांब. आंधळ्यानं सांगावं जागा कुठली ती."

खरी मेख इथंच आहे. तो मोडका खांब भाऊजींचा एकट्याचा नाही. तो आमच्या ह्यांचाही आहे. म्हणजे सातबाऱ्यावर नाही, पण वीस वर्षं दोघं तिथंच गरी टाकतात. एक गेला की दुसरा जात नाही, आणि कोण कधी गेला ते दोघंही एकमेकांना विचारत नाहीत. नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि गरीवाल्याची जागा विचारू नये, असा ह्यांचा कायदा. मलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही. जसं काही मला कळतच नाही! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला माहेरापासून ठाऊक. अष्टमीला सहा. अष्टमीच्या पहाटे हे चार वाजता 'जरा पाय मोकळे करून' यायला निघाले आणि परतताना लेंग्याला कालवांच्या कपचांनी फाटलेली भोकं असली, की पाय कुठं मोकळे झाले ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर वटपौर्णिमेनंतर पाच रविवार झाले. आमच्या ह्यांनी भाऊजींशी एक शब्द काढलेला नाही. भाऊजीही फुरंगटून बसलेत. आणि दोघांचा निरोपांचा व्यवहार आम्हा दोघींच्या गळ्यात.

"ह्यांचं म्हणणं," वहिनी म्हणाल्या, "की खाडी काय कुणाच्या बापाची आहे? चांगला मासा मिळाला तर माणसानं सांगू नये? उद्या पोरगा पहिला आला तर पेढे वाटायचे नाहीत?"

"आणि आमच्यांचं म्हणणं, पेढे वाटा, प्रश्नपत्रिका कशाला वाटता?"

वहिनी खळखळून हसल्या. मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "पण भाच्याचंही अगदीच चूक नाही हं. तो म्हणतो, मामा इतकी वर्षं मासे धरतायत, कुणी ओळखलं त्यांना? बोलणाऱ्याची माती खपते. तो मुरब्याचा मच्छीमार नाही का, पालघरकडचा? 2021 साली पावसाळी बंदी उठल्यावर एका बोटीला दीडशेवर घोळ मासे लागले, एक कोटी तेहतीस लाखांना गेले. अख्ख्या देशात बातमी झाली. ते झाकून ठेवायला हवं होतं का?"

"अहो, ते भर समुद्रातलं. लिलावात दहा व्यापारी उभे, तिथं झाकणार काय? शिवाय त्यांचं पोट त्यावर. त्यांनी भाव ओरडून सांगितलाच पाहिजे. आपल्या लोकांचा हा शौक. आणि समुद्रातला घोळीचा थवा आज इथं तर उद्या तिथं. मोडका खांब कुठं जाणार? तो बिचारा आहे तिथंच उभा. सांगितलं की गेला."

वहिनी गप्प झाल्या. परवा त्या खांबापाशी काय झालं ते दोघींनाही आठवलं असणार. कुणीतरी तुटलेला तंगूस तिथंच टाकून गेलेलं. त्यात एक बगळा पाय अडकून उलटा लोंबत होता. वहिनींच्या धाकट्यानं इळ्यानं कापून सोडवला, तर पायाला गोल जखम, दोरा मांसात रुतलेला. सोडल्यावर तो उडाला नाही. चिखलात पंख पसरून नुसता आमच्याकडे बघत राहिला. शेजारी थर्मोकोलची ताटं आणि बाटल्या होत्याच.

"एक विचारू?" वहिनी जरा हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायच्यात म्हणून. तो जिताडा मी दुसऱ्या दिवशी कापला. कल्ल्याची कड अशी धारदार, की बोट कापलं माझं. पण ते सोडा. पोटात गाभोळी निघाली. दोन लांबच्या लांब पिशव्या, माझ्या कोपरापर्यंत. ह्यांनी आवडीनं तळून खाल्ली. मला घास गिळेना."

मग मी माझी जुनी मास्तरकी काढली. म्हटलं, वहिनी, जिताड्याची गंमत अशी की तो बहुतेक नर म्हणूनच मोठा होतो. तीनचार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, आणि पुढं आणखी वाढला, चांगला मोठा झाला, की त्याची मादी होते.

"अगंबाई! म्हणजे नवऱ्याचं वय झालं की त्याची बायको होते?"

"तसंच म्हणा."

"आमच्याकडे झालं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडी तरी घासली असती."

हसून झाल्यावर मी पुढं सांगितलं. म्हणून नऊ किलोंचा जिताडा म्हणजे बहुतेक मादीच. आणि ती पावसाच्या तोंडाशी खाडीच्या मुखाकडे येते ती अंडी घालायला. एका वेळी लाखांनी घालते. म्हणजे आपल्या खाडीतली ती आजी. फोटो कुणाचा काढतात? आजीचा. अर्ध्या किलोच्या पोराचा फोटो कुणी लावत नाही. सरकारनं 2023 साली पापलेटला राज्यमासा केलं, 54 जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान धरू नका म्हणून. चांगलंच केलं. पण ते पिल्लांसाठी झालं. आजीच्या फोटोला कुठला नियम?

"मग धरायचाच नाही का मोठा मासा? ह्यांना सांगून बघा तुम्ही!"

"धरतील हो. दोन म्हातारे वीस वर्षं धरतायत, खाडी काही आटली नाही. दोघांच्या ठिकाणी रविवारी चाळीस आले, हा घोर आहे."

वहिनींनी विहिरीच्या काठावर बसकण मारली. म्हणजे आता भांड्यांना उशीर होणार, हे ठरलं.

"पण मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "आपण शिवथरघळीला गेलो होतो तेव्हा महाडच्या अंगाला वाळणकोंडीला उतरलो, आठवतं? काळ नदीच्या डोहात केवढाले मासे! आपण चुरमुरे टाकले तर पायापाशी येऊन तोंडं वर काढत होते. तिथली जागा तर सगळ्या जगाला ठाऊक. बसा येतात, लोक फोटो काढतात. तिथले मासे कसे शिल्लक राहिले?"

बाई बोलून गेली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. खरंच की. वाळणकोंडीचे महाशीर कुणी लपवलेले नाहीत. उलट दाखवायलाच नेतात. पण ते वरदायिनी देवीचे. हात लावायचा नाही, हे आजूबाजूच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. वाड्याजवळ तिळसेश्वराला वैतरणेत तेच. देवळापाशी मासे निर्धास्त.

"म्हणजे जागा सांगण्यात वाईट काही नाही," मी म्हटलं. "जागेला कुणी वाली हवा. तिथं देवी बसलीय. आपल्या धक्क्यावर कोण बसलंय?"

"आमचे हे. ओट्यावर. हात करून दाखवायला."

पुन्हा हसू. पण वहिनींची गाडी आता रुळावर होती. त्यांच्या भाच्यानं त्यांना आणखी एक सांगितलेलं. कर्नाटकात कावेरीवर म्हणे मोठाले महाशीर धरून, वजन करून, फोटो काढून परत पाण्यात सोडायचे. त्यासाठी लोक परदेशातून येत. पूर्वी चोरून मासे मारणारी माणसंच तिथं राखणीला ठेवली होती, त्यामुळं सुरुंग लावणारे तिकडे फिरकत नसत. पुढं वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून अभयारण्यातली ती गळटाकणी बंद झाली. मग राखण कोण करणार, यावर अजून वाद आहेत.

"त्याच अंगाला कबिनी नदीत 1946 साली 120 पौंडांचा महाशीर धरला होता म्हणे," मी भर घातली. "साडेचौपन्न किलो. आणि तो कुबडाचा महाशीर 2018 पासून नामशेष होण्याच्या काठावरच्या यादीत आहे. धरणं, वाळूउपसा, सुरुंग, सगळ्यांनी मिळून केलं ते. नुसत्या फोटोंवर खापर नको फोडायला. पण उरलेत थोडे, आणि तेही कुठं उरलेत ते ओरडून सांगायचं, म्हणजे..."

"म्हणजे विहीर आटत आली की गावाला आवतण द्यायचं."

वहिनी चौथीपर्यंत शिकल्या आहेत असं त्या सांगतात. मला कधी खरं वाटलेलं नाही.

"पूर्वी कसं होतं हो?" मी विचारलं. "तुमच्या सासऱ्यांच्या वेळी?"

"तेव्हा काय! मोठा मासा आला की सासूबाई वाटे काढायच्या. एक तुमच्याकडे, एक भटांकडे द्यायची सोय नाही म्हणून त्यांच्याकडे नारळ, एक सुईणीकडे. साहेबाकडे काम असलं तर अख्खा जिताडाच जायचा, खोटं कशाला बोला. ज्याला वाटा मिळाला त्याला कळलं मासा आला. त्यापलीकडे वास जाईल तेवढंच."

मला ते पटलं. आमच्या लहानपणी माशाची बातमी वाट्याबरोबर यायची. ज्यानं खाल्लं तो गप्प राहायचा, कारण तोंडात घास होता आणि पुढच्या वाट्याची आशा होती. आता बातमी कल्याणला पोचते, वाटा पोचत नाही. मग ते लोक आपला वाटा घ्यायला स्वतःच येतात. त्यांचं तरी काय चुकलं?

"वहिनी, भाऊजींना म्हणावं, मासा दाखवा खुशाल. पण घरी आणून दाखवा. मागं आपली भिंत येऊ दे, फार तर तुमचं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ. दीपगृह नको."

"आणि गाभोळीवाला सोडून द्या म्हणावं का?"

"म्हणून बघा."

"तुमच्या ह्यांना आधी म्हणा. ते सोडतायत का बघू."

ह्यावर मला उत्तर नव्हतं, कारण परवाच अष्टमीला आमच्याकडे जिताडा आला होता. अडीच किलोंचा, पोरगेला. मी त्याचं कळवण केलं, आमसुलं घालून, आणि नेहमीच्या सवयीनं एक वाटी भगदाडातून पलीकडे गेली होती. भांडण पुरुषांचं, वाटीचा त्याच्याशी काय संबंध?

"बरी आठवण झाली," वहिनी उठल्या आणि घरातून वाटी घेऊन आल्या. आमच्यात रिकामी वाटी परत येत नाही. तीत काजूंचे गर होते, वरून पानाचा तुकडा झाकलेला. "ह्यांनी सगळं कळवण एकट्यानं ओरपलं. आणि म्हणाले, हा मासा धक्क्याचा नव्हे. ह्याला खारातल्या चिखलाचा किंचित वास आहे. हा उघाडीपाशी धरलाय, ओहोटीला कोळंबी बाहेर पडते तिथं."

मी काही बोलले नाही. वाटी घेऊन घरात आले.

हे झोपाळ्यावर पंचांग उघडून बसले होते. अमावास्या जवळ आली, गटारी तोंडावर. मी काजू पुढं ठेवले आणि भाऊजी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी पंचांग मिटलं. बराच वेळ काजू चघळत राहिले. मला वाटलं आता आणखी पाच रविवार.

"त्यानं भाच्याला सांगितलं का हे?"

"भाचा गेला पनवेलला. वाटीची गोष्ट कुंपणापलीकडे गेली नाही अजून."

"चवीवरून ओळखलं म्हणतेस?"

"हो."

हे उठले, परसात गेले आणि विहिरीपाशी उगाच खाकरले. पलीकडूनही कुणीतरी खाकरलं. मग बराच वेळ काही नाही.

"अमावास्येला सव्वाअकरा," हे अडुळशाकडे बघून म्हणाले.

"फोन घरी ठेवतो," अडुळसा म्हणाला.