१९७८ सालचे मास्तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळणाऱ्या टोळक्यात एक मास्तर हमखास असतात. वय पन्नाशीच्या आगेमागे, टी-शर्टवर विटलेला ड्रॅगन आणि काखेत १९७८ सालचं 'प्लेयर्स हँडबुक'. नव्या आवृत्त्याही त्यांच्याकडे आहेत, पण त्यांचा उपयोग चहाचे कप ठेवायला.

नवी आलेली कॉलेजकन्या उत्साहाने जाहीर करते, "मी ड्वार्फ विझार्ड होणार!"

गणपतीच्या नैवेद्यात अंडाकरी दिसावी तसा मास्तरांचा चेहरा होतो. "आधी 'मॅजिक-युझर' म्हण. आणि ड्वार्फ? कदापि नाही!"

मग इतिहास सुरू होतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हा ड्वार्फने फक्त लढायचं, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत. हॉबिट तर चौथीतच निवृत्त. १९८१ च्या बेसिक संचात एल्फ हाच मुळी एक क्लास, म्हणजे पात्राचा धंदा. "एल्फ काय करतो, असं विचारायचंच नाही. तो एल्फ असतो, बस्स!" आणि मास्तरांच्या पुस्तकात पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, व्हायचं असेल, तर माणसाच्याच पोटी जन्म घ्यावा लागे.

"पण का?" मुलगी विचारते.

या प्रश्नाची मास्तर वाटच बघत असतात. एल्फ शेकडो वर्षं जगतो. ड्वार्फला अंधारात साठ फूट दिसतं, शिवाय जादूटोणा त्याला कमी बाधतो. एवढं देऊन वर लेव्हलचीही मोकळीक दिली, तर माणूस व्हायला येणार कोण? गायगॅक्सला जग माणसांचं हवं होतं, म्हणून ही कुंपणं. "आणि सगळ्यांनी सगळंच करायचं ठरवलं, तर ड्वार्फ म्हणजे नुसता दाढीवाला बुटका माणूस!"

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण जन्मावरून धंदा ठरवणाऱ्या पुस्तकाचं असं पारायण करणारे मास्तर स्वतः भिक्षुकाच्या घरातले, शिकले मेकॅनिकल आणि पोट भरतात बँकेच्या सॉफ्टवेअरवर. कुणी हे काढलंच, तर शांतपणे म्हणतात, "मी माणूस आहे. क्लास बदलायची मुभा माणसाला आहे. याच पुस्तकात."

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने कुंपणं काढून टाकली. इतरांना अडवण्याऐवजी माणसालाच एक जादा फीट, म्हणजे खास हातखंडा, आणि वर थोडे स्किल पॉइंट दिले, की तोल सांभाळला जातो, हे दाखवून दिलं. मास्तरांनी ती आवृत्ती वाचली. कप ठेवायला बरी आहे म्हणाले.

पण मुलगी हुशार निघते. "मास्तर, माझा विझार्ड माणूसच आहे हो. चेटकिणीच्या शापाने ड्वार्फ झालाय."

मास्तर पुस्तक पुढून मागून चाळतात. शापाविरुद्ध एकही कलम सापडत नाही. डोळे लकाकतात. "कुठली चेटकीण? शाप का दिला? उतरणार कसा?" चहा निवेपर्यंत चेटकिणीचं गाव, सासर आणि तीन हाडवैरी त्यांनी रचलेले असतात.

पुढच्या रविवारी टेबलाभोवती एक शापित एल्फ पॅलाडिन आणि एक शापित हाफ-ऑर्क मंक येऊन बसतात. मास्तर प्रत्येकाच्या शापाची कसून उलटतपासणी घेतात, परत कुणालाच पाठवत नाहीत आणि रात्री घरी जाताना अभिमानाने सांगतात, "आपल्या टेबलावर नियम म्हणजे नियम!"