दिवस मावळायच्या आत

माझा एक मित्र बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. पूर्वज अलिबागकडचे, तेलाच्या घाण्यावरचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घाणा गेला, शनिवार राहिला. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा भाग, म्हणजे पाराशा, वाचतात. असे एकूण ५४. वर्ष सरलं की पुन्हा पहिल्यापासून.

"तेच तेच ऐकून कंटाळत नाहीस?"

"पाराशा जुनाच असतो रे. आपली लबाडी दरवर्षी नवी असते."

गणपतीच्या आगेमागे 'की तेत्से' हा पाराशा येतो. त्यात ७४ आज्ञा. गच्चीला कठडा बांध, सापडलेली वस्तू परत कर, पिशवीत दोन तऱ्हेची वजनं बाळगू नकोस. मित्र सांगत होता आणि मला एकेका आज्ञेला लायक माणूस आठवत होता. कठड्याला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, वजनांना कोपऱ्यावरचा वाणी. मी स्वतः कुठेच बसत नव्हतो.

रविवारी दुपारी वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला मासळी आणायला गेलो. म्हटलं, वजनाची आज्ञा तपासून बघू. पण मावशींकडे काटाच नव्हता. बोंबलांचे वाटे मांडलेले.

"वर मोठे दिसतायत. खाली?"

मावशींनी अख्खा वाटा उलटा केला. "बग. खाली पन तेच हाय."

मी ओशाळलो. तरी दहा रुपये कमी करून घेतलेच.

मित्राला पंख आणि खवले असलेलीच मासळी चालते. कोळंबी, कुर्ल्या बाद. त्याच्यासाठी पापलेट घेतलं आणि मोठ्या अभिमानाने त्याला फोन लावला.

"पापलेट राहू दे. त्या रंगाऱ्याचे पैसे दिलेस?"

मी गप्प.

"त्याच पाराशात आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत."

रंगाऱ्याला मी दोन आठवडे 'सर्व्हर डाऊन आहे' सांगत होतो. किनाऱ्यावर आलो तर सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात, आणि आता खरोखरच रेंज नाही! एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हाताने मोबाइल डोक्याच्या वर धरून मी वाळूत इकडून तिकडे धावलो. बाजूच्या पोरांना वाटलं, काका सूर्यास्ताचा फोटो काढतायत. त्यांनी बिचाऱ्यांनी बाजूला होऊन जागा दिली.

पैसे गेले तेव्हा सूर्याची लाल कड तेवढी उरली होती. लगेच रंगाऱ्याचा मेसेज आला : "मिळाले साहेब. सर्व्हरला आता बरं आहे ना?"