एव्हिडन्स काय?

हिंजवडीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीत क्वालिटीवाला ओळखावा तो बोलण्यावरून. आपण म्हणावं, "आज कॅन्टीनची मिसळ बरी होती." तो म्हणणार, "एव्हिडन्स काय?" काल मिसळ बरी होती आणि आजही बरी झाली, हा त्याच्या लेखी निव्वळ योगायोग. आचाऱ्यानं कृती कुठे लिहून ठेवलेली नाही, म्हणजे कॅन्टीन लेव्हल एक!

या माणसाचं कुलदैवत पिट्सबर्गला. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये, आयबीएममधून आलेल्या वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकारानं लेव्हलांची ही पाच पायऱ्यांची शिडी तयार झाली. कोणता कंत्राटदार सॉफ्टवेअर धड बनवून देईल, हे अमेरिकी हवाई दलाला आधीच कळायला हवं होतं. १९९१ मध्ये ती सीएमएम या नावानं बाहेर पडली, पुढे सीएमएमआय झाली. पहिल्या पायरीवर सगळा गाडा एखाद्या वीराच्या जिवावर चालतो. पाचव्या पायरीवर संस्था आकडे मोजत स्वतःला सुधारत राहते. कल्पना शहाणपणाची आहे, वादच नाही. पण टेंडरमध्ये 'लेव्हल पाच हवी' असं छापून आलं, की शिडी चढण्यापेक्षा वरच्या पायरीवरचा फोटो महत्त्वाचा ठरतो.

लेव्हल ठरवणारं अप्रेझल महिन्यावर आलं की क्वालिटीवाल्याच्या अंगात येतं. न झालेल्या रिव्ह्यू मीटिंगांची मिनिट्स लिहिली जातात. मार्चमधल्या मीटिंगला जूनमध्ये रुजू झालेली मुलगी हजर असते, आणि तिनं दोन मुद्देही मांडलेले असतात. इंटरव्ह्यूला बसणाऱ्यांची उजळणी चालते : "विचारलं तेवढंच बोला. 'आम्ही साधारणपणे' हा शब्द तोंडातून काढू नका." आणि हे सगळे कागद शोधून, नावं बदलून, फोल्डरांत लावतं कोण? सर्व्हर रूममधलं एक पोरगं. ते रात्र-रात्र घरी जात नाही. पाचवी लेव्हल पहिल्या लेव्हलच्या पद्धतीनंच मिळवताय की, असं मी क्वालिटीवाल्याला म्हटलं. त्यानं शांतपणे नोंद केली : 'सुधारणेस वाव.'

लेव्हल मिळाली. केक कापला. तीन वर्षांची निश्चिंती झाली. आता त्या पोराला गणपतीला कणकवलीला जायचंय. रजेची प्रक्रिया फ्लोचार्टसकट तयार आहे. फक्त ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीय, हे त्यालाच विचारावं लागतं.