दोनच सीट उरलेल्या महोदयांस

मा. ॲडमिशन काउन्सेलर महोदय, सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा ऐन रोवणीत आपण नागऱ्याला फोन केलात. नागरा म्हणजे नागपूर नव्हे. आपण तीनदा तसे म्हणालात म्हणून खुलासा. गोंदियाजवळचे, जुन्या शिवमंदिराचे गाव. मुलगा चिखलात होता, फोन धुऱ्यावर उभ्या बापाने उचलला.

“रिअल इस्टेट एमबीएला जबरदस्त स्कोप आहे, अंकल. दोनच सीट उरल्यात. आज टोकन भरलं तर स्कॉलरशिप!”

बापाने एकच विचारले. “जागा झुडपी जंगलात येते का नाही, हे कागदावरून कसं ओळखाचं, ते शिकवता का जी?”

“ते दुसऱ्या वर्षाला आहे, अंकल. सस्टेनेबिलिटीमध्ये.”

महोदय, झुडपी जंगल हा पर्यावरण दिनाचा विषय नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा प्रश्न आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच ठरवली. तिच्यावर घरे आहेत, शाळा आहेत, सरकारी कचेऱ्यासुद्धा आहेत. इकडे प्लॉट घेणारा आधी हे तपासतो. न तपासणारा पुढे वकिलाकडे खेटे घालतो. धान लावणाऱ्या माणसाला जे ठाऊक, ते आपल्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या वर्षापर्यंत ठाऊक नसते.

असो. खरी गंमत आपल्या माहितीपत्रकात आहे. मुखपृष्ठावर काचेची इमारत, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘छायाचित्र प्रातिनिधिक’. ‘हायेस्ट पॅकेज’चा आकडा ठळक; ते कुणाला, कुठल्या साली, कुठल्या कंपनीत मिळाले, पत्ता नाही. ‘१०० टक्के प्लेसमेंट’, पुढे बारीक ‘असिस्टन्स’. लॅपटॉप मोफत, दुबईची सहल ऐच्छिक.

ओळखीचे वाटते ना? बिल्डर असेच फ्लॅट विकायचे. स्टेशनपासून पाच मिनिटे, दोनच फ्लॅट शिल्लक, बुकिंग आजच. म्हणून तर २०१६ चा रेरा कायदा आला आणि २०१७ च्या महाराष्ट्र दिनापासून महारेरा या राज्याच्या नियामकाचे काम सुरू झाले. आता बिल्डरला जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापावा लागतो. गिऱ्हाइकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते जमीन आणि बांधकामावरच खर्चावे लागतात. कलम १२ तर सांगते की खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, व्यवहार सोडायचा असेल तर व्याजासकट पैसे परत. हा कायदा आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकवता, माहितीपत्रकात तसे लिहिले आहे. शिकवता रेरा आणि सीट विकता रेराच्या आधीच्या बिल्डरसारख्या!

फी भरायला त्या बापाला दोन बांध्या विकाव्या लागतील. म्हणजे जमीन विकायचे शिक्षण घ्यायला आधी जमीन विकायची. लाज कशी वाटत नाही हो?

पण फोन ठेवता ठेवता बापाने विचारले, “बाबू, तू कुठं शिकला?” आपण म्हणालात, “इथंच. मागच्या बॅचला.” मग दोन्हीकडे कुणीच बोलले नाही. म्हणजे आपली प्लेसमेंट हीच. कानाला हेडफोन, समोर नंबरांची यादी, महिन्याला इतक्या सीटचे टार्गेट. आपल्या घरचे काय विकले गेले, हे विचारायचे त्या बापाच्या तोंडावर आले होते. त्याने नाही विचारले.

तेव्हा हे पत्र संचालकसाहेबांच्या टेबलावर गुपचूप ठेवा, आपले नाव येऊ देऊ नका. साहेबांना सांगा, पुण्याच्या निकमारसारखी संस्था १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापन शिकवते आहे, तुलना होणारच. मागच्या बॅचची पूर्ण यादी पाठवा: किती मुले, कोण कुठे, पगार किती. त्यात आपलेही नाव आणि पगार असू द्या.

मुलगा तोवर महारेराच्या एजंट परीक्षेची तयारी करतो आहे; २०२३ मध्ये ती सक्तीची झाली. त्याचा नंबर आपल्याकडे आहेच. दिवसातून चारदा वाजतो.