टेकू दिल्याबद्दल आभार

परमादरणीय शेठ,



गिरगावातल्या आपल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील समस्त भाडेकरूंतर्फे हे जाहीर आभारपत्र. जिन्याखाली आपण लावलेला लोखंडी टेकू आता घरचाच झाला आहे. मुले त्याला धरून गिरक्या घेतात, गणपतीत त्याला माळ चढते. आला होता तात्पुरता. तेव्हा कडेवर असलेली मुलगी आता कॉलेजात जाते.

आमच्या एकाही अर्जाला आपण उत्तर दिले नाही, हा आपला मोठेपणा. उत्तर दिले असते तर उगाच आशा लागली असती.

शिवाय आम्ही काही निराधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधले कलम 14 आमच्या पाठीशी उभे आहे. दुरुस्ती मालकाने करायची. नोटीस देऊनही किमान 15 दिवसांच्या वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरूने करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. अट एवढीच, की वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शावर जायचे नाही. चौथाई वसूल करण्यात आमच्या पूर्वजांचा हात कोण धरणार! आमचे भाडे महिना 80 रुपये, म्हणजे वर्षाचे 960, चौथाई 240. संडासाच्या भिंतीतला पिंपळ मुळासकट काढायला गवंडी हजार रुपये मागतो. एका खोलीची चार वर्षांची चौथाई पिंपळच खाणार. कुजलेल्या तुळईचा नंबर नातवंडांच्या कारकिर्दीत लागेल.

80 रुपयांत चाळ कोण सांभाळणार, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे (हे चाळीत मोठ्याने बोलायची सोय नाही). पण 1969 च्या कायद्याने आलेला दुरुस्ती उपकर आमच्या पावतीत न चुकता चढतो, आणि खोली दुसऱ्याच्या नावावर करायची झाली की पागडीतला आपला वाटा मात्र आजच्या बाजारभावाने असतो. तेव्हा 80 रुपये कुणालाच आठवत नाहीत.

पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. तिची वाट आपण दहावीच्या निकालासारखी पाहता, असे ऐकतो. चाळ रिकामी झाली की दुरुस्तीचा प्रश्नच मिटला.

आपले कृपाभिलाषी,
दुसऱ्या मजल्याचे भाडेकरू

ता. क. : चाळ धोकादायक ठरली तर म्हाडा कायद्याच्या कलम 79-अ खाली आपल्याला नोटीस येईल. सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव आपण दिला नाही, तर ती संधी भाडेकरूंच्या संस्थेकडे येते. आलेला कागद न उघडण्याची आपली सवय तेवढे सहा महिने मोडू नये, ही नम्र विनंती.