किटचा हिशेब

2020 हे साल जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची द्विशताब्दी ना! कोरोनाच्या साथीत आपणही ते झोकात साजरं केलं. 22 मार्चला थाळ्या बडवल्या, 3 मेला हेलिकॉप्टरमधून इस्पितळांवर फुलं उधळली. सिस्टर तेवढ्या पीपीई किटच्या आत होत्या.

किटचं कापड मोठं गुणी. कोइम्बतूरच्या ‘सिट्रा’ संस्थेत त्यावर कृत्रिम रक्त दाबानं सोडून बघत. आरपार गेलं की कापड नापास. बाहेरचं रक्त आत येत नव्हतं, आतला घाम बाहेर जात नव्हता.

त्यात मे महिन्यातलं जालना! पारा चाळिशीच्या वर आणि विषाणू फिरेल म्हणून मध्यवर्ती एसीला बंदी. गणवेशावर किट, हातमोज्यांचे दोन जोड, एन-95, वर गॉगल. थोड्याच वेळात गॉगलवर वाफ धरते. मग सलाईनसाठी शीर शोधायची ती बोटांच्या अंदाजानं, तीही दोन मोज्यांतून. ड्युटी संपल्यावर नाकाच्या हाडावर वळ, कानांमागे सोललेलं, बोटं पांढरीफटक, डोकं ठणकतंय.

पाणी? प्यायलं की लघवी लागणार. लघवीला जायचं तर किट उतरवायचं, उतरवलं की ते टाकायचं, आणि दुसरं मागितलं की स्टॉक रजिस्टर आडवं येणार. त्यापेक्षा ड्युटीच्या आधीपासूनच घोट बंद. कुणी डायपर लावले. पाळी आली असेल तर विचारूच नका, रजिस्टरात तो रकाना नसतो. पुढे मूत्रमार्गाला संसर्ग झालाच, तर तो सिस्टरचा खासगी प्रश्न!

जालना पोलादाचं गाव. तेव्हा लागू असलेला 1948चा कारखाने कायदा सांगत होता, अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात त्यांना पाणी गार करून द्या. किती मालक पाळत ते मालकच जाणोत, पण लिहिलेलं तरी होतं. वॉर्ड पडला कारखान्याबाहेर! बरं, राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार होते. गाऱ्हाणं घालायला मुंबई गाठायचीही गरज नव्हती.

पुढच्या साथीसाठी किट मोजाल, तेव्हा एका ड्युटीला माणशी दोन धरा. मध्ये एकदा ते उतरवून सिस्टरला पाणी पिता आलं पाहिजे.