बोहेमियातील हमाली

पंधराव्या शतकाच्या आरंभीचा बोहेमिया पाहण्यासाठी हल्ली पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांपैकी कशाचीही गरज उरलेली नाही; प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने २०१८ च्या फेब्रुवारीत ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या नावाचा जो संगणकीय खेळ बाजारात आणला, त्यात साझावा नदीकाठचा सुमारे १६ चौरस किलोमीटरचा मुलूख, त्यातील गढ्या, पाणचक्क्या, मठ, मद्यगृहे आणि चिखल यांच्यासह इतक्या निष्ठेने उभा केला आहे, की खुर्ची न सोडता पाय दुखावेत. काळ १४०३ चा. राजा चौथा वेन्सेस्लास आपल्या सावत्र भावाच्या, म्हणजे हंगेरीच्या सिगिस्मुंडाच्या, कैदेत पडला आहे. सिगिस्मुंडाच्या फौजेने चांदीच्या खाणींचे स्कालित्झ गाव बेचिराख केले आहे. आणि तेथील लोहाराचा मुलगा हेन्री, ज्याच्या देहात शिरून आपल्याला हा प्रवास करावयाचा असतो, तो आईबापांच्या वधाचा सूड घेण्याच्या प्रतिज्ञेने बाहेर पडला आहे. एवढे उदात्त कथानक हाती आल्यावर प्रवाशाच्या मनात सूडावाचून दुसरा विचार येऊ नये, हे खरे; परंतु पहिल्या चकमकीत पडलेल्या पहिल्या शत्रूच्या पायांतील बुटांची किंमत एकदा पडद्यावर वाचली, की त्या क्षणापासून सूड हा जोडधंदा होऊन बसतो.

सिगिस्मुंडाच्या पदरचे कुमान शिपाई हे या दृष्टीने फार उदार लोक. कुमान पडला, की त्याच्याजवळ गुडघे टेकून बसावे. लगेच यादी उघडते, आणि तिच्यात जिरेटोप, त्याखालची रुईभरली टोपी, कड्यांचे चिलखत, त्याखालचा जाड डगला, हातमोजे, विजार, जोडे, गदा, धनुष्य, अशी एकेका मालाची किंमत, वजन आणि अवस्था कोणत्याही पंचनाम्यास लाजवील इतक्या तपशिलाने मांडलेली असते. चिलखत घ्यावे, तर ते जड. टाकावे, तर जीव तुटतो. पाच कुमान पडले असतील, तर हे सुख पाचपट आणि ओझे त्याहूनही अधिक. कारण चौथ्याचे चिलखत झोळीत पडताच वजनाची मर्यादा ओलांडली गेल्याची ताकीद मिळते, आणि हेन्रीला त्यानंतर धावता येत नाही, नकाशावर बोट ठेवून दूरच्या गावी झटपट पोचण्याची सोयही बंद होते. मग एरवी घटकाभरात तुटणारे अंतर, लग्नघरची बिछायत एकट्याने परत पोचवणाऱ्या गड्याच्या चालीने, साऱ्या रानावनातून पायी तुडवावे लागते. बोहेमियाच्या निसर्गाचे माझे सगळे ज्ञान या मंद चालीचे फळ आहे. तेथील बर्च वृक्षांच्या साली, ओढ्यांवरचे फळकुटांचे पूल आणि वाटांकडेचे क्रूस मी जितके निरखून पाहिले आहेत, तितके कोणत्याही निसर्गप्रेमी, परंतु हलक्या, प्रवाशाने पाहिले नसतील.

असा काही काळ घाम गाळल्यावर माणसास अर्थशास्त्र सुचू लागते. वस्तूची किंमत पाहू नये, किमतीला वजनाने भागून काय उरते ते पाहावे, हे त्या शास्त्राचे पहिले सूत्र. त्या हिशेबाने अंगठी, फासे, औषधाची कुपी व उत्तम कातड्याचे हातमोजे हे सज्जनांच्या संग्रहातले. फुटकी ढाल आणि बोथट कुऱ्हाड ही मात्र आहेत तेथेच पडू द्यावीत. दुसरे सूत्र असे, की मोडका माल मोडका म्हणून विकू नये. चिलखत, कापड, जोडे या प्रत्येकाच्या दुरुस्तीचे सामान वेगळे मिळते, तलवार शिकलगाराच्या चाकावर स्वतः परजता येते, आणि डागडुजीनंतर तोच ऐवज बऱ्या भावाने खपतो. तिसरे सूत्र शिध्याविषयी: मांस दिवसागणिक नासते आणि नासलेले खाल्ले की विषबाधा होते, म्हणून ते सांभाळून वाहणे हा शुद्ध गाढवपणा होय, गावोगावी चुलीवर रटरटत असलेल्या हंड्यांतून फुकट जेवावे आणि पाठ मोकळी ठेवावी. या तीन सूत्रांचे पालन करणारास कोठेही अडचण पडत नाही, असे म्हणतात. मला तसा मनुष्य भेटलेला नाही.

याचे कारण संस्थेच्या अभावात शोधले पाहिजे. सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराची जी शिस्त वर्णिली आहे, तीत मुलूखगिरीस निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी व्हावी आणि परतल्यावर जास्तीचा ऐवज सरकारात जमा व्हावा, अशी चोख तजवीज होती. शिपायाने लढावे, कारकुनाने लिहावे आणि खजिन्याने सांभाळावे, अशी कामाची वाटणी असल्यामुळे कोणाचाच तोल जात नसे. बोहेमियात शिपाई, कारकून, खजिनदार आणि ओझ्याचा बैल ही चारही पदे एकट्या हेन्रीकडे आहेत. त्यातल्या त्यात दिलासा देते ती पेबल्स नावाची घोडी, जिच्या पाठीवर लूट लादता येते आणि जी शीळ घालताच हजर होते. परंतु मनुष्यस्वभाव असा, की घोडी मिळाली म्हणजे ओझे निम्मे होत नाही, लूट दुप्पट होते.

आणि बळ वाढवण्याचा मार्ग तर ऐकण्यासारखा आहे. हेन्रीची वहनशक्ती त्याच्या बाहुबलावर अवलंबून असते, आणि वनस्पतिविद्येत थोडी गती आल्यावर ‘लेग डे’ नावाचे एक कौशल्य पदरात पाडून घेता येते, ज्यायोगे फुले व औषधी पाला खुडताना बळ वाढते. त्यामुळे सिगिस्मुंडाच्या सैन्याशी झुंजण्यास निघालेला हा वीर दिवसचे दिवस कुरणात ओणवा होऊन रानफुले वेचीत असतो, आणि वेचता वेचता मल्ल होतो. त्या बळाचा विनियोग तो अर्थातच पुढच्या कुमानाचे चिलखत उचलण्याकडे करतो.

रटाय हे या मुलखातील मुख्य शहर. तेथे दोन गढ्या आहेत, तटबंदी आहे, आणि वरून नदीचे खोरे मोठे रमणीय दिसत असावे; मी ते पाहिले नाही, कारण बख्तरवाल्याची थैली पाहण्यात वेळ गेला. प्रत्येक व्यापाऱ्याजवळ रोकड मर्यादित असते, ती संपली की तुमच्या उत्कृष्ट मालास तो गिऱ्हाईक राहत नाही, आणि थैली पुन्हा भरेपर्यंत काही दिवस जावे लागतात. त्यामुळे प्रवासी लवकरच शहराचा भूगोल देवळांवरून वा चौकांवरून ओळखण्याचे सोडून, कोणत्या दुकानात आज किती ग्रोशेन शिल्लक आहेत यावरून ओळखू लागतो. सौद्याला बसण्यापूर्वी हमामखान्यात जाऊन आंघोळ करावी आणि कपडे धुऊन घ्यावेत, कारण रक्ताने माखलेल्या माणसाचे वजन बाजारात कमी पडते. मग व्यापारी एक आकडा सांगतो, आपण दुसरा सांगतो. तो कपाळाला आठ्या घालतो, आपण किंचित उतरतो. आणि ज्याच्या डोक्यावरून हा जिरेटोप नुकताच उतरला तो मनुष्य कोण होता, हा प्रश्न दोघांपैकी एकही सभ्य गृहस्थ काढीत नाही. माल चोरीचा असेल, तर मात्र हा मार्ग बंद. तो शहराखालच्या पाणचक्कीवर पेशेक नावाच्या चक्कीवाल्याकडे न्यावा, किंवा त्यावरचा चोरीचा शिक्का काळाने आपोआप पुसला जाईपर्यंत पेटीत ठेवावा, कारण वाटेत शिपायाने झडती घेतली तर दंड अथवा तुरुंग ठरलेला.

या साऱ्या वजनदार व्यवहारात एकच वस्तू वजनरहित आहे, आणि ती म्हणजे चांदी. प्रागचा ग्रोशेन हे नाणे १३०० पासून कुटना होराच्या चांदीतून पडू लागले. ती चांदीची नाणी हजारोंनी कमरेला बांधली असती, तर त्या काळच्या कोणत्याही माणसाचा कणा वाकला असता. परंतु खेळात पावाच्या तुकड्याला भार आहे आणि ग्रोशेनांच्या राशीला नाही. ज्या धातूसाठी राजे एकमेकांच्या गावांची राख करतात, तो तेवढा हवेसारखा हलका, हे प्रथम विसंगत वाटते. परंतु विचारांती ध्यानात येते, की संपत्तीचा भार तिच्या धन्याला सहसा जाणवत नाही, हे सत्य याहून नेमके सांगता आले नसते.

सासाऊच्या मठात मात्र या तत्त्वज्ञानाची परीक्षा होते. अकराव्या शतकात संत प्रोकोपियसने स्थापिलेल्या या मठात हेन्रीला एका शोधासाठी उमेदवार साधू म्हणून दाखल व्हावे लागते, आणि दारातच त्याची सारी मालमत्ता काढून घेऊन अंगावर फक्त झगा चढवतात. घंटेबरोबर उठावे, प्रार्थना करावी, ठरल्या वेळी जेवावे, पोथ्यांच्या दालनात काम करावे. झोळी रिकामी, पाठ सरळ, चाल हलकी. इतक्या विरक्त अवस्थेत मनास शांती लाभावयास हरकत नव्हती, पण कुलूपबंद कपाट दिसले की बोटे शिवशिवू लागतात, आणि दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात व्रतस्थाच्या झग्यात एखादी किल्ली, एखादी कुपी आणि कोणाचे तरी फासे येऊन बसतात. मठाने संपत्ती काढून घेतली. यादी करण्याची सवय त्याच्या अधिकाराबाहेरची होती.

पहिला खेळ संपतो, तेव्हाही हेन्रीचा सूड पुरा झालेला नसतो आणि बापाने घडवलेली तलवारही त्याच्या हाती परत आलेली नसते. कथानक अपुरे राहिले, असा आक्षेप टीकाकारांनी घ्यावा, पण ज्यांनी त्याच्यासह चिलखते वाहिली आहेत, त्यांना हा विलंब पूर्णपणे समजतो. २०२५ च्या फेब्रुवारीत दुसरा भाग आला. त्याच्या प्रारंभीच तळ्याकाठी मुक्काम केलेल्या हेन्रीच्या मंडळींवर छापा पडतो आणि त्याचे वैभव एका रात्रीत नाहीसे होते. एखाद्या मुमुक्षूने यात वैराग्याची संधी पाहिली असती. अनुभवी प्रवासी मात्र यादी उघडतो, वजनाचा रकाना जवळजवळ रिकामा असल्याची खात्री करून घेतो, आणि एवढी मोकळी जागा पुन्हा हाताशी आल्याबद्दल मनोमन समाधान पावतो.